प्रेमभोजनाचा भात

रविवार, संध्याकाळ. तिरोडा

आज मी चर्चमध्ये पूर्ण उपासना बसून ऐकली, म्हणून लिहिते आहे. कापणीच्या सणाला असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. उपासनेनंतरच्या प्रेमभोजनाचा भात माझ्याकडे. पहिलं गीत झालं की मी मागच्या दाराने चुलीकडे. भाताला दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. यालाच मी सेवा म्हणत आले.

आज गुडघा सुजला होता. तरी गेलेच. पाळकांची बायको सुनंदा चुलीपुढे आडवी उभी राहिली. "बाई, आत बसा नं जी. गीत सुरू होऊन राहिलं."

"आणि भाताचा लगदा झाला तर?"

"तं लगदा खातील. अर्ध्यांले दात कुठी हायेत?"

बसले. कान मात्र अंगणात. भांडं वाजलं की उठावंसं वाटे. मग पाळक विसाव्याबद्दल बोलू लागले. तो कमवायचा नसतो, तारणासारखाच दिलेला असतो. हे मी संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवलं आहे. स्वतः कधी ऐकलं होतं का? ख्रिस्ताने मला भातासाठी जवळ केलं, असं मनात धरून होते की काय?

शेवटचं गीत मोठ्याने गायले. शेजारच्या बाई वळून बघत होत्या. किती हलकं वाटलं, प्रभूचे उपकार. भाताचा लगदा झालाच होता. मी दोनदा घेतला.

निघताना सुनंदाच्या हाती दिलं: भाताचा मोठा गंज, झारा, कोठीची किल्ली. सूचना एकही दिली नाही.