चाळीस पावलं

३ मार्च, सोमवार

वही आणून सात आठवडे झाले. रोज म्हणते, आज लिहीन. कारणं तरी काय एकेक! पेन सापडत नाही, खुबा ठणकतोय, खिडकीत सीगल येऊन बसलाय. खरं कारण वेगळंच. जत्रेतल्या पाळण्यांबरोबर गावोगाव हिंडत होते तेव्हा लिहायला फुरसत नव्हती, आणि पाळण्यावरून पडून खुबा मोडल्यापासून लिहावं असं काही घडत नव्हतं.

आज घडलं.

ही हेस्टरमावशीची वसाहत म्हाताऱ्यांची. पंचावन्नच्या खालच्याला इथे थारा नाही, आणि मी सव्वीसची. कागदोपत्री मी मावशीची काळजी घेणारी! प्रत्यक्षात मोजे मावशी चढवते माझ्या पायात. माझं काम एवढंच— चालणं जड जाणाऱ्यांसाठी असते तसल्या बॅटरीच्या स्कूटरवर बसून तिची औषधं, दूध, शुक्रवारचा मासा आणायचा. स्कूटर मावशीच्या वारलेल्या नवऱ्याची. ती आहे म्हणून काम आहे, काम आहे म्हणून मी इथे आहे. नाहीतर भावाचा कॅरॅव्हॅन. त्याला तीन पायऱ्या, त्याच्या बायकोला तोंड.

तर आज सगळ्यांच्या दाराखालून चिठ्ठी सरकली. आगीच्या भीतीने व्हरांड्यात कुणी स्कूटर चार्ज करायची नाही. सगळ्या मागच्या शेडमध्ये. शेडमध्ये प्लग सहा. वसाहतीत स्कूटर सात.

सातवी कुणाची, हे सांगायला ज्योतिषी नको.

४ मार्च

दुकानात मिसेस स्पिंक भेटल्या. रहिवासी समितीच्या अध्यक्ष. त्याही स्कूटरवर, तीही माझ्या गाडीसारखीच लाल.

"काल तुला उभी पाहिली मी. वरच्या फळीवरचा जॅम काढत होतीस."

"हो."

"स्वतःच्या पायांवर!"

"दुसऱ्या कुणाचे मिळाले नाहीत, बाई."

नको होतं बोलायला. पण जीभ ही माझी एकच गोष्ट आहे जी पडल्यावर मोडली नाही.

लोकांना वाटतं, स्कूटरवर बसलेल्याला पाय नसतातच. मी उभी राहिले की एक तर चमत्कार, नाहीतर लबाडी. मागे एका बाप्याने टाळ्या वाजवल्या होत्या! आणि बसलेली असले की मला कानही नसतात. चहावाली माझ्या डोक्यावरून मावशीला विचारते, "हिला साखर चालते?" अहो, हिला गाढवासारखी लाथही मारता येते, डाव्या पायाने.

परतताना फुटपाथवरून स्कूटर खाली उतरवायच्या एकुलत्या उतरणीवर व्हॅन उभी. "पाचच मिनिटं हं, राणी." वीस मिनिटं पावसात. स्कूटरवरचं ते लाल प्लास्टिकचं खोपटं ओढून बसले. टोमॅटो दिसते मी त्यात.

६ मार्च

समितीची सभा झाली. मिसेस स्पिंक यांचा ठराव— "जी व्यक्ती सलग चाळीस पावले चालताना समितीच्या दोन सभासदांना दिसेल, तिला प्लगची गरज नाही असे समजावे." मंजूर. विरोधात एकटी मावशी. चिटणीस मिस्टर ऑटली यांनी वळणदार अक्षरात लिहून घेतलं. मंगळवारी माझी परीक्षा, व्हरांड्यात.

मला चालता येतात चाळीस. पंचेचाळीसही येतील. त्यानंतर चार दिवस पलंगावर, कूस बदलायलाही मावशी लागते. हे ठरावात कुठे बसवायचं?

"खोटं वाग," मावशी म्हणाली. "विसाव्या पावलाला पड. जत्रेत वाढलीस ना तू? नाटक करायला काय मुहूर्त हवा?"

"आणि कुणी उचलायला आलंच नाही तर?"

"तर पडून राहा. तेवढाच आराम."

७ मार्च

काही नाही. मासा शिळा निघाला.

८ मार्च, शनिवार

गावच्या हॉलमध्ये बिंगो. बाहेर गावभरच्या चौदा स्कूटर ओळीने, त्यातल्या निम्म्या लाल, सगळ्या एकाच दुकानातल्या. कुठलीही किल्ली कुठलीलाही लागते. गावात हे प्रत्येकाला ठाऊक आहे आणि कुणालाच त्याची धास्ती नाही. चोरणार कोण? आणि चोरून पळणार किती— तासाला चार मैल!

मी लवकर निघाले, बसले, किल्ली फिरवली. माझ्या गाडीचा वेगाचा काटा सशाच्या चित्रावर ठेवला तरी ती कासवासारखी जाते, बॅटरी म्हातारी झालीय. आज मात्र ससा खरंच पळाला! म्हटलं, हवा मानवली वाटतं हिला. शंभरेक यार्डांवर टोपलीकडे लक्ष गेलं. कुत्र्याच्या बिस्किटांचा डबा. विणलेले हातमोजे. मिसेस स्पिंक यांची गाडी.

थांबले. वळायला हवं होतं.

पण वारा पाठीवर होता, समुद्र ताटासारखा सपाट, आणि रस्ता रिकामा. या गावात दोन वर्षं काढून मी कधी दीपगृहापर्यंत गेले नव्हते, माझी गाडी निम्म्यातच धाप टाकते. गेले. चिप्स खाल्ल्या, व्हिनेगर सढळ. पावसाची सर आली तेव्हा एका कोळ्याच्या आडोशाला थांबून त्याच्याशी खेकड्यांवर वाद घातला. जिंकले. परत आले तेव्हा बॅटरीचा शेवटचा दिवा लुकलुकत होता.

गाडी त्यांच्या दारात लावली. घंटा वाजवली नाही.

९ मार्च

सगळं ऑटलींकडून कळलं. मिसेस स्पिंक बाहेर आल्या, समोर लाल गाडी, बसल्या, निघाल्या. माझी! चढावर तिने जीव सोडला. वर पाऊस. फोन त्यांच्या टोपलीत, म्हणजे माझ्याबरोबर दीपगृहाला. पलीकडे बसथांब्याचा आडोसा. बाई उठल्या आणि चालत गेल्या.

आडोशाला ऑटली आणि समितीचे आणखी एक सभासद बसलेले.

"सत्तेचाळीस," ऑटली म्हणाले. "तीस वर्षं क्रिकेटचं अंपायरिंग केलंय पोरी, मोजल्याशिवाय राहवतच नाही."

"हात द्यायला उठला नाहीत?"

"मोजताना उठलं तर चुकतं."

मी सगळ्यांना सांगितलं, गाड्यांची अदलाबदल झाली, चुकून. "होतं असं," सगळे म्हणाले. आणि झालीच होती की चुकून. पहिले शंभर यार्ड.

११ मार्च, मंगळवार

माझी परीक्षा झालीच नाही. ऑटलींनी ठराव वाचला, साक्षीदार दोघे, पावलं सत्तेचाळीस. "नियम म्हणजे नियम. बाईंनीच मांडलाय, स्वल्पविरामासकट." सातातून एक गेला, राहिले सहा. मला प्लग!

मिसेस स्पिंक सभेला नव्हत्या. शनिवारपासून अंथरुणावर आहेत म्हणे. मला कळतंय कुठे दुखत असेल ते. इथे कळणारी मी एकटीच.

सांगता आलं असतं. टोपली पाहूनही मी पुढे गेले, हे एक वाक्य. तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात मावशीने त्यात केक कोंबला. तो चावत बसले. खूप वेळ चावला.

१२ मार्च

दार वाजलं. मावशी म्हणाली, "ऑटली असेल, उरलेल्या केकसाठी." मी उघडलं.

मिसेस स्पिंक. पायी. त्या टोकाच्या दारापासून इथपर्यंत, भिंत धरत. ओठ पांढरेफटक.

"भांडायला नाही आले मी," त्या म्हणाल्या. "तुझी गाडी भरून झाली की दिवसाआड मला देशील का गं तो प्लग? ... आणि आधी खुर्ची दे."

दिवसाआड! इतक्या सभा झाल्या, इतके ठराव, आणि आळीपाळीने वापरायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या आत बसल्यात. मी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात उभी राहून हे लिहितेय. किटली केव्हाच उकळून थांबलीय. बाहेर जायला हवं. आणि प्लगचं बोलण्याआधी ते एक वाक्य.