घरट्याच्या बांधीचा धुरा कोणी फोडू नये

मी, उमेंद्र नत्थूलाल रहांगडाले, वय २२, राहणार डोंगरटोली, तालुका गोरेगाव, जिल्हा गोंदिया, कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवत आहे. डोके गरम आहे असे गाव म्हणते. ठिकाणावर आहे असे डॉक्टरने लिहून दिले, तो कागद सोबत जोडला आहे. मागच्या महिन्यात माझ्या धानाच्या बांधीतल्या सारसाच्या घरट्याची राखण करताना मला घोणस चावली. वाचलो. पण माझ्यामागे बांधीचे काय, हे दवाखान्यातच ठरवले.

१. आजी अनुसयाबाईने माझ्या नावे केलेली तळ्याखालची अर्धा एकर धानाची बांधी मी आचल गोवर्धन कटरे हिला देतो. अट एकच: घरट्यात अंडी असेपर्यंत धुरा, म्हणजे बांधीचा बांध, फोडून पाणी काढायचे नाही आणि फवारणी करायची नाही.

अट का, तेही लिहितो. दोन वर्षांपूर्वी युरिया टाकायचा म्हणून मी धुरा फोडला. सगळेच फोडतात. पाण्याच्या मधोमध असलेले घरटे दुपारपर्यंत कोरड्यावर आले आणि कुत्र्यांनी दोन्ही अंडी खाल्ली. पाणीच त्या घरट्याचे कुंपण होते. आचल तेव्हा सारस मोजायला यायची. म्हणाली, "तळी बुजवली, जहर फवारलं, विजेच्या तारा ओढल्या. जगभर पाखरं-जनावरं अशीच सरून राहिली, उमेंद्र. मले वाटे, तू तरी त्यातला नाही." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

२. मोटारसायकल भाऊ योगराजला. ब्रेक पाहून घ्यावा. दुर्बीण आचलचीच आहे, परत करावी.

३. काका शालीकराम यांना काहीही नाही. भर बाजारात त्यांनी मला विचारले, "पाखरापायी कॉलेज सोडलं, येड्या! पाखरू तुले नोकरी देईल काय?" हो, सोडले. हजेरी कमी पडली, परीक्षा गेली. पण मागच्या वर्षी एकतीस दिवस अंडी राखली, तीन महिने पिल्लू राखले, आणि ते उडाले. माझ्या बांधीतून उडाले! तालुक्यातल्या किती पदवीधरांना असे सांगता येईल? हे कलम काकांना मोठ्याने वाचून दाखवावे.

४. या मृत्युपत्राची अंमलबजावणी बाबा करतील. तेच माझ्यावर ओरडायचे, "पाखराले वारस करतं का बे?" पण मी दवाखान्यात होतो ते सहा दिवस काठी घेऊन धुऱ्यावर तेच बसले. मला हे त्यांनी सांगितले नाही. आचलने फोन करून सांगितले, "तुह्या बाबानं एक कुत्रं फिरकू देलं नाही. अंडी साबूत हायेत." आणि फोन ठेवला. दोन वर्षांनी एवढे बोलली. मला पुरले.

सही करताना बाबा म्हणाले, "बांधी पोरीले देऊन राहिला. पोरीले विचारलं काय?"

नाही विचारले. विचारायचे आहे, म्हणून एवढ्यात मरायचा माझा इरादा नाही.

वरचा सगळा मजकूर माझ्या हातचा आहे. खाडाखोड फक्त काकांच्या कलमात आहे.

सही: उमेंद्र नत्थूलाल रहांगडाले

साक्षीदार:
नत्थूलाल रहांगडाले (वडील)
छोटेलाल बिसेन (शेजारी)

ठिकाण: डोंगरटोली
दिनांक: ५ सप्टेंबर २०२४