तीन कॉलेजं, एक लाल पुस्तक

४ जानेवारी १९७१
आजपासून कार्डं! तिन्ही कॉलेजांच्या पुस्तकांची एकच सूची आमच्या लायब्ररीत. संशोधन करणाऱ्यानं इथं ड्रॉवर ओढायचा, पुस्तक कुठं आहे ते बघायचं, की दोन दिवसांत एसटीनं हजर! विद्यापीठाच्या समितीला पसंत पडलं तर माझी हंगामी नोकरी कायम. नाहीतर लग्न — आई टपूनच बसलीय.

९ जानेवारी
मुख्य ग्रंथपाल रंगनाथराव कुरकुरतात, "चांगुणाबाई, गावोगाव हिंडून पुस्तकं बिघडतील हो!" जशी काय यांची लेकरंच!

१८ जानेवारी
कोरडवाहू ज्वारीवरचं लाल पुस्तक तिन्हीकडच्या नोंदींत आहे. खात्री करायला गेले. सोमवारी इथं, बुधवारी तिथं, शनिवारी तिसरीकडं — आणि पान एक्कावन्नवर चहाचा तोच डाग!
रंगनाथरावांना धरलं. "एकच प्रत आहे. तपासणी आली की आम्ही तिघं ग्रंथपाल एकमेकांना देतो. बन्सी कंडक्टर पोचवतो."
अहो, मग मी वेगळं काय करतेय?
"कार्डं नव्हती आमच्याकडं," म्हणाले. मला हसूच आवरेना.

२३ जानेवारी
खरं कार्ड लिहिलं. प्रती : एक. ठिकाण? काय लिहू, कपाळ! कोरंच ठेवलं. रंगनाथरावांनी हात जोडले — निवृत्तीला पाच महिने राहिलेत. ड्रॉवरमध्ये "तीन"चं कार्ड लावलं. लाज वाटली. खरं फाडवेना, एक्कावन्नाव्या पानात ठेवून दिलं.

२ फेब्रुवारी
समिती आली. अध्यक्षांनी नेमकं लाल पुस्तकच मागितलं! "छान. उरलेल्या दोन प्रती तिकडं बघू." साहेब जेवायला बसले नाहीत तोच रंगनाथराव धोतर सावरत स्टँडवर पळाले. पुस्तक बन्सीच्या हाती.
संध्याकाळी बन्सी आला, तोंड एवढंसं करून. "बाई, सायबांच्या जीपनं आमच्या एसटीला मागं टाकलं अन् राहात्याच्या अलीकडं बंद पडली. सायबास्नी गाडीत घेतलं. गर्दी लई. म्हनलं, सायेब, येवढं पुस्तक धरा मांडीवर. म्होरं गोरक्षसर न्यायला येत्यात."
गोरक्षसर म्हणजे तिथले ग्रंथपाल. झालं! आईला स्थळं बघू दे आता.

२० फेब्रुवारी
योजना मंजूर. मी कायम!! पत्राला माझंच कार्ड टाचलेलं — प्रती : एक. ठिकाणाची कोरी ओळ अध्यक्षांनी स्वतः भरलीय : "एसटी."