चांदण्यातले बांबू

नवेगाव बांध,
२२ मे १९३९

प्रिय नंदलाल,

…आणि इन्स्ट्रुमेंट बॉक्स नवा घेऊच नकोस! मागच्या पत्रात हेच लिहीत होतो, तेवढ्यात डाकवाला दारात आला आणि सगळं अर्धंच राहिलं. मुंबईला पोचलास की शेवटच्या वर्षातल्या मुलांना गाठ. ते आपले बॉक्स स्वस्तात विकून टाकत असतात. नव्या स्वस्त बॉक्सपेक्षा जुना जर्मन बॉक्स केव्हाही बरा. फक्त शाईच्या पेनाची दोन्ही टोकं सारखी जुळतात का, ते उजेडात धरून बघ.

तुझ्या आत्याबाईंना, मंदाबाईंना, नमस्कार सांग. नागपुरात उन्हाळा कसा आहे? इकडे सगळे खुशाल. झालं, आता कामाचं.

ड्रॉइंग बोर्ड नागपुरातच चांगल्या सुताराकडून करून घे. कडेला पट्टी लावून बघ, मधून उजेड दिसला तर परत कर, लाजू नकोस. कागद बोर्डावर ताणायचा म्हणजे आधी ओल्या फडक्याने भिजवायचा, कडांना खळ लावून चिकटवायचा आणि वाळू द्यायचा. वाळताना तो ढोलकीसारखा ताणतो. ओल्यावरच रेघ मारलीस की गेला. मी पहिल्या वर्षी तीन कागद असेच घालवले. घाई हा माझा रोगच आहे.

असो. शाईची कांडी गंधासारखी सावकाश उगाळ. पुस्तकं विकत घेऊ नकोस, लायब्ररीत बैस, ट्रेसिंग पेपर खिशात ठेव. स्वतःची वीत किती, पाऊल किती, ते आत्ताच मोजून ठेव. मग कुठल्याही इमारतीत हात हलवत जायचं आणि मापं घेऊन यायचं. खोली चौकोनी दिसते, पण नसते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून दोरी लावून बघ.

तू शाळेचं विचारलंस. शाळा ठीक आहे. छपराचं थोडं काम निघालंय. तुझ्या बाबांनी कळवलं असेलच. माझ्या प्लॅनवर त्यांनी शाळा बांधली आणि ती बघूनच तुला आर्किटेक्टच्या शिक्षणाला पाठवायला ते तयार झाले, हे मी विसरलेलो नाही. तर ब्रशचं सांगायचं राहिलं. एकच घे, पण मोठा घे, आणि पाण्याचे ग्लास दोन ठेव.

पाच जूनची गाडी चुकवू नकोस.

तुझा,
ईश्वरदास


नवेगाव बांध,
२८ मे १९३९

प्रिय नंदलाल,

तुझं पत्र काल मिळालं. 'बाबा लिहितात, मनीराम सुतार चोर निघाला. चांगले बांबू विकले आणि किडके शाळेवर घातले. तू तिथेच आहेस, खरं काय ते लिही.' आणि खाली, 'पेन्सिली कोणत्या घेऊ?'

पेन्सिली एच आणि टू-एच. आता खरं काय ते.

सकाळपासून तीन कागद फाडलेत. मधे दोनदा उठून तलावापर्यंत जाऊन आलो. एका जागी बसवत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आलो तेव्हा शाळेच्या भिंती झाल्या होत्या, फक्त छप्पर राहिलं होतं. मला ते माझ्यासमोर चढायला हवं होतं. पुरी झालेली शाळा कागदावर काढून कॉलेजात द्यायची होती ना! दिवाळी सरली, चांदणं वाढत होतं आणि माझी सुट्टी संपायला आठ दिवस होते. मनीराम म्हणाला, "बाबू, पुनव जाऊ द्या. चांदण्यातला बांबू कापला का त्याले घुण लागते, आतून पोखरते. अंधारे दिवस आले का कापू. मंग महिनाभर तलावात बुडवून ठेवू."

मी हसलो. "चंद्राचा अन् बांबूचा काय संबंध रे?"

"संबंध मले नाई मालूम. घुणाले मालूम हाये."

त्याची बायको चमेली मागून म्हणाली, "कापा ना मंग! पोरगं मुंबईवरून शिकून आलं, त्याले चंद्र दाखवता काय?" सगळे हसले. मला मात्र राग आला. मी म्हटलं, उद्याच कापायचे. प्लॅन माझा आहे, मी सांगतो तसं कर. त्याने तसं केलं. हिरवेगार बांबू, चार दिवसांत छपरावर. वर मातीचे कवेलू रचले. मी मुंबईला गेलो, ड्रॉइंग काढलं, आणि ते कॉलेजात भिंतीवर लागलं. तुला मी ते किती ऐटीत कळवलं होतं!

होळीच्या सुमारास पोरांच्या पाट्यांवर पिवळा भुगा पडायला लागला, असं आता सगळे सांगतात. एप्रिलमध्ये एक बाजू खाली आली. पोरं नुकतीच घरी गेली होती. चमेली एकटीच आत जमीन सारवत होती. कवेलू तिच्या खांद्यावर पडले. हात अजून वर जात नाही.

मी उन्हाळ्याच्या सुट्टीला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या अंगणात दहा-पंधरा माणसं जमली होती. काकांनी, म्हणजे तुझ्या बाबांनी, मनीरामला उभं केलं. तो म्हणाला, "मालक, मी सांगतलो होतो बाबूले, पुनव जाऊ द्या म्हणून."

काका भडकले. "चोरी करून वरून शिकलेल्या पोरावर घालून राहिला काय? ईश्वर, तूच सांग बा. असा बोलला होता का हा?"

नंदलाल, मी म्हणालो, "मला आठवत नाही, काका."

एवढंच. मनीराम माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. मी अजून काही बोलेन असं वाटलं असेल त्याला. मग "बरं" म्हणाला आणि गेला.

तेव्हापासून गावात त्याला कोणी दारात उभं करत नाही. नांगराचा फाळसुद्धा बसवायला देत नाहीत. येत्या गुरुवारी बाजार आटोपला की तो बायकोपोरांना घेऊन बालाघाटकडे निघणार आहे, कुठल्याशा ठेकेदाराच्या जंगलात लाकूडतोडीला. काल मी त्याच्या घरी गेलो होतो. तो नव्हता. चमेली डाव्या हाताने तांदूळ निवडत बसली होती. "काऊन आले बाबू? अजून काही मोजाचं राहिलं काय?" मी दारातूनच परत आलो.

घुणाला चांदणं कळतं की नाही, मला ठाऊक नाही. पण मनीरामने सांगितलं होतं, हे मला ठाऊक आहे. तेव्हाही होतं.

काकांना मी ओळखतो, तूही ओळखतोस. खरं कळलं की पहिल्यांदा म्हणतील, हेच शिकतात का तिथे? माझा पोरगा नाही जायचा. तुझं सामान बांधून झालंय, आणि मी दोन वर्षं तुझ्या मागे लागलो होतो की चल, तूही चल. तू पाचला गाडीत बसलास की मग बोलायचं, असं मी आधी ठरवलं होतं. सोयीचं होतं. पण तोवर मनीराम चोर म्हणूनच गाव सोडून गेलेला असेल, आणि मग मी कोणाला काय सांगणार?

म्हणून गुरुवारीच, भर बाजारात, काकांसमोर बोलायचं ठरवलंय. अंगणात चोर म्हटलं ते दहा-पंधरा जणांनी ऐकलं, तर हे गावाने ऐकावं. हे पत्र तुला बुधवारी मिळेल. म्हणजे मला थांबवायचं असेल तर तार करायला तुझ्याकडे एक दिवस आहे. ती फट मी मुद्दाम ठेवली की भीतीने, ते माझं मलाच कळत नाही. तार आली तरी मी थांबेन असं नाही. पण वर्ष तुझं जाणार आहे, माझं नाही, तेव्हा तुला न विचारता बोलणंही बरं वाटत नाही.

तुला काय वाटतं, नंदलाल, मी बोलावं ना?

तुझा म्हणू की नको, ते तूच ठरव,
ईश्वरदास