उकळीच्या वासावरचं मीठ

कुंभकोणम्,
२२ जून २०२५

चि. रक्षास अप्पांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. लियोंला उकाडा फार आहे असं ऐकतो. खिडक्यांना ओले पडदे लाव. तिकीट आत्ताचं काढू की दिवाळीचं, असं तू विचारलंस आणि मी 'बघू' म्हणालो. फोनवर आई शेजारी असते. म्हणून उत्तर या कागदात लिहितो, जरा वळसा घेऊन.

आधी तुझ्या बाटल्यांची हकीकत. बोजोले वांग्याच्या भाजीबरोबर उघडली. तुझे फ्रेंच मित्र म्हणतात, लाल वाइन खोलीत असेल तेवढ्या उष्णतेवर प्यावी. ती खोली त्यांची, कुंभकोणमची नव्हे! मी बाटली ओल्या पंच्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली. भाजीतल्या चिंचेपुढे वाइन दबली नाही, भांडलीही नाही. हे मला कुठल्या कॉलेजात कुणी शिकवलेलं नाही. दुकानात कॉफी भाजता भाजता नाक तयार झालं, बाकीचं पुस्तकांतून.

तरी खरं नाक तुझ्या आईचं. नैवेद्याआधी तिनं आयुष्यात काही चाखलं नाही. मीठसुद्धा उकळीच्या वासावर. माझा पेला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच. ती पदर सावरून वाकायची, हुंगायची, नि "याला दह्यातलं डांगर" किंवा "याला ढबू मिरचीचा आंबटगोड कायरस" सांगून मोकळी. थेंब न पिता. मी पुस्तकं पालथी घातली तरी तिचंच बरोबर निघायचं. वर, "पोदुम, पुरे! तो वास बाहेर न्या, विठोबा बसलाय इथे."

आता दुसऱ्या बाटलीचं, पांढऱ्या रीसलिंगचं. बूच काढताच कळलं, बाटली बिघडलेली. भिजलेल्या गोणपाटाचा वास. आमच्या धंद्यात तो मी झोपेतही ओळखेन. बूच कधी कधी वाईट निघतं, तुझी चूक नाही. थट्टा करावी म्हणून पेला आईपुढे धरला. वाटलं, नाक मुरडेल.

तिनं हुंगलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. पुन्हा हुंगलं. "कायरस करते," म्हणाली. "मागच्या वेळी रक्षेनं आणलेली ना, तसलीच."

आत जाऊन तिनं शेंगदाणे भाजायला ठेवले. ते करपून धूर झाला, नि ती त्यांच्यासमोरच चिंच कोळत उभी.

मी जाऊन गॅस बंद केला. कायरस पानात आला, त्यात मीठ नव्हतं. "कसं जमलं?" तिनं विचारलं. वाइनच्या बाबतीत कुणाची भीड न ठेवणारा तुझा बाप ते गोणपाट घोटाघोटानं प्याला नि म्हणाला, "एकदम जमलं."

तेव्हापासून विठोबाला अळणी नैवेद्य जातो. त्याची तक्रार नाही. मी पानात मीठ चोरून घेतो.

तंजावरच्या डॉक्टरांकडे नेलं. सर्दीचं औषध देतील अशी माझी समजूत. त्यांनी तिला महिना, वार, नातलगांची नावं विचारली. मग मला एकट्याला बसवलं. या आजारात पुष्कळदा आधी वास जातो म्हणाले, मग बाकीचं हळूहळू. मी खोदून विचारलं, बाकीचं म्हणजे नेमकं काय, कोणत्या क्रमानं? क्रम त्यांनाही सांगता येईना.

परतताना बस दारासुरमला आली तशी ती म्हणाली, "रक्षेला कळवू नका हं. पोर धावत येईल." म्हणजे तिला कळलंय. मी हो म्हणालो.

काल शेजारच्या पंकजाला तिनं 'अक्का' म्हणून हाक मारली. तिची अक्का जाऊन किती काळ लोटला, तुला ठाऊक आहे. तुझं नाव मात्र अजून बरोबर घेते. सकाळी, देवापाशी दिवा लावताना.

तेव्हा दिवाळी नको. आत्ताचं तिकीट काढ. बाटली आणू नकोस. आलीस की लगेच बोलू नकोस, उंबऱ्याबाहेर नुसती उभी राहा. तिनं आपणहून तुला हाक मारलेली मला ऐकायची आहे.

त्याच उंबऱ्यावर तुझी वाट पाहणारा,
अप्पा