शनिवारची सही

शुक्रवार, कुकटपल्ली. संध्याकाळचे साडेपाच.

सूर्य बुडायच्या आत हे लिहून संपवायला हवं. एकदा शब्बाथ, आम्हा ज्यूंचा विश्रामाचा दिवस, लागला की उद्या संध्याकाळपर्यंत पेन हातात धरायचं नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरीपदासाठी तिसऱ्या मजल्यावरच्या रफीचाचांनी माझं नाव सुचवलंय. अर्जावर सही उद्या सकाळच्या सभेत, सगळ्यांसमोर करायची. दुपारी मी त्यांना म्हटलं, आजच करते, उद्या गावाला जातेय. चक्क खोटं! एका सहीसाठी एवढी का घाबरले? पेपरात युद्धाच्या बातम्या रोज मीच लिहिते. ज्यू म्हटलं की लोकांचा पुढचा प्रश्न, त्या युद्धात तू कुणाच्या बाजूची, हे मला पाठ आहे. पण उद्या सही टाळली तर यादीतून नाव जाणार.

शेवटी आत्ता जाऊन खरं सांगून आले, शब्बाथला मी लिहीत नाही. चाचा हसले. "इत्तीच बात? जुम्मे की नमाज के वख्त मैं मीटिंग रखने देतूँ क्या? अब्बीच कर दे सही."

केली. मग चाचा आवाज खाली आणून म्हणाले, "मगर कल लोगां पूछेंगे, पहलेच कायकू करी. मैं क्या बोलूँ?"

"तुम्ही नका बोलू, चाचा. मी सभेला येते."

 शब्बाथला मनाई लिहायला आहे, बोलायला नाही.