खुर्च्यांच्या कारखान्याची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा खुर्च्या बनवणे, राहणार कारखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तशी कोणाची टाप नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते केले तेव्हा मुलगा व्यवस्थापन शिकून आलेला नव्हता.

१. वरच्या दोन्ही खोल्या सुनेला. घर तीच चालवते, मुलगा फक्त राहतो.

२. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणासाठी. तिने वाटेल ते शिकावे, व्यवस्थापन सोडून.

३. यजमानांचे रंधे, पटाश्या आणि करवती आमच्या मिस्त्रींना. धाकट्या दिरांनी त्यांवर हक्क सांगू नये. यजमान गेले त्याच आठवड्यात भावजी टेप घेऊन कारखाना मोजायला आले होते. तो टेप त्यांच्याकडेच आहे, तेवढा पुरे.

४. मुलाने आणलेला पांढरा फळा भावजींनी हवा तर न्यावा. त्यावर बाण काढून चिरंजीव कामाचा ओघ सुरळीत करत असत. माणसांची पायपीट वाचावी म्हणून त्याने घासण्याचे टेबल थेट पॉलिशच्या खोलीशी आणून लावले आणि मधला दरवाजाच काढून टाकला. ओल्या पॉलिशवर भुसा बसू लागला. खुर्चीच्या हातावरून हात फिरवला, तर दाढी वाढलेल्या गालासारखा लागे. मिस्त्री म्हणाले, "साहेब, धूळ उडते." साहेब म्हणाले, "थोडक्यात सांगा." आता याहून थोडक्यात काय सांगणार, कपाळ?

५. लाकूडवाल्याबद्दल लिहिणे भाग आहे. हा गृहस्थ यजमानांच्या काळापासून स्वतः माल घेऊन यायचा. फळीवर बोटाने टकटक करून म्हणायचा, "वहिनी, ही अजून ओली आहे, तुम्हाला देत नाही." स्वतःचा माल स्वतः परत नेणारा व्यापारी मी दुसरा पाहिला नाही. मुलाने त्याला बाहेर बाकावर ताटकळत ठेवले, इतरांचे भाव मागवले आणि सुनावले, "संबंध वगैरे राहू द्या, आकडा बोला." तो उठला. "येतो, वहिनी," एवढेच म्हणाला आणि यायचा बंद झाला. मग स्वस्तातले ओले लाकूड आले. ते खुर्च्या झाल्यावर सुकले आणि सांधे सैल पडले. एका सभागृहात आमच्या खुर्च्या वक्त्यापेक्षा जास्त बोलू लागल्या, तेव्हा सगळा माल परत आला. अक्कल गहाण टाकूनही पदवी मिळते, हे मला त्या दिवशी कळले.

निस्तरले सुनेने. ती वखारीत गेली, फळ्यांच्या थप्पीवर बसली आणि सकाळभर लाकूडवाल्याचे ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी दारात उभी. आता ती पुढची मागणी त्याला आधीच कळवते, म्हणजे तो लाकूड वेळेवर सुकवून ठेवतो. दरवाजाही तिने परत बसवला. मागच्या फाटकातून आलेले लाकूड कुठे न अडता पुढच्या दारातून खुर्ची होऊन जाते. एकही बाण काढावा लागलेला नाही.

६. कारखाना निम्मा सुनेला, निम्मा मुलाला. खरे तर त्याला भुसाही देऊ नये. पण पोटचा आहे, माया तुटत नाही, त्याला मी काय करू?

७. वकिलांनी समजावले आहे की, इथल्या कायद्याने जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून साक्षीला मी लाकूडवाल्याला आणि मुलाला बोलावले आहे. दोघांनाही कागद हातात देऊन सांगणार, "आधी वाचा, मग सही करा." मुलाने वाचले तर तो सही करणार नाही, निम्मा कारखाना त्याचा, आणि साक्षीला मी शेजारच्या शिंप्याला हाक मारीन. न वाचता सही केली तर त्याचाही वाटा सुनेचा. त्याने वाचावे अशी माझी फार इच्छा आहे.

स्थळ: कारखान्याचे ऑफिस. दिनांक: सात मार्च.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिला, लाकूडवाला: (सही) चष्मा लावून दोनदा वाचले. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "वहिनी, त्याला सांगू का?" मी नको म्हटले.

साक्षीदार दुसरा, मुलगा: (सही) उभ्यानेच पेन काढून म्हणाला, "आई, थोडक्यात सांग, सही कुठे?" मी जागा दाखवली.